सरांच्या घरातली बाई

सरांची आई जिना चढून दारात आली आणि चपला काढायच्या आधीच माझ्या पोटाकडं बघत उभी राहिली.

"कितवा गं?"

मी मशीनवर होते. कुणाच्या तरी पोलक्याची बाही लावत होते. पाय थांबवून म्हटलं, "चौथा लागलाय."

"आन् लगीन?"

मी उठून पाण्याचा तांब्या आणून दिला. म्हातारीनं तो घेतला, पण पाणी काही प्याली नाही. उंबऱ्यावर टेकली आणि आतल्या खोलीच्या भिंतीकडं बघत बसली. तिथं तिच्या सुनेचा, शशिकलाचा फोटो होता. सर शाळेतून येताना रोज फुलांचा हार आणायचे आणि आल्याआल्या त्या फोटोला घालायचे.

हे कराडचं सांगतेय. पुष्कळ वर्षं झाली. सोपान जगदाळे सर तिथल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि माझा शिवणकामाचा क्लास होता. पोरींना भरतकामासाठी नक्षी काढून हवी असायची, म्हणून मी त्यांच्याकडं जायला लागले. मोर म्हणा, वेल म्हणा, कागदावर पेन्सिल टेकली की नक्षी पुरी होईपर्यंत उचलायची नाही असा त्यांचा हात. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मीही मोकळीच. आईवडील गेल्यावर माझं लग्न राहून गेलं म्हणा, नाहीतर भावांनी राहू दिलं म्हणा. नक्षीवरून चहा, चहावरून गप्पा, आणि एक दिवस सर म्हणाले, "मालन, तू इकडंच राहायला ये. फक्त लग्नाचं मला विचारू नकोस."

मी विचारलं नाही. तिशी उलटून गेलेल्या बाईला कुणी मायेनं 'ये' म्हटलं तर ती अटी तपासत बसत नाही. उचलली ट्रंक आणि गेले.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलं. क्लासच्या निम्म्या पोरी त्यांच्या आयांनी बंद केल्या. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई हळदीकुंकवाचं बोलावणं करत निघाल्या की माझं दार तेवढं चुकवायच्या. 'ठेवलेली' हा शब्द तर नळावर मुद्दाम मला ऐकू जाईल असा म्हटला जायचा. मी म्हणायचे, ठेवायला मी काय बरणीतलं लोणचं आहे? हसण्यावारी न्यायचे. माणूस चांगला होता हो. मला ताप आला तर उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवणारा, आमटीतली शेंग स्वतः न खाता माझ्या ताटात टाकणारा. एवढं असल्यावर नळावरच्या बायकांचं काय घेऊन बसायचं!

पण घरातल्या काही गोष्टी मला टोचायच्या. बाहेर सर मला 'मालन' म्हणायचे, घरात पाऊल टाकलं की नाव घ्यायचं बंद. 'अगं', 'ऐकलंस का', तेवढंच. जेवायचं ते स्वयंपाकघरात, दार लोटून. आतल्या खोलीत, त्या फोटोसमोर, ते कधी माझ्याजवळ बसले नाहीत. माझी ट्रंक, माझी मशीन, माझं अंथरूण, सगळं बाहेरच्या खोलीत. माझ्या साड्या वाळायच्या गच्चीवर, आतल्या दोरीवर नाही. एकदा मी म्हटलं, आपण दोघं मिळून एक फोटो काढू या, तर असे दचकले की मी परत विषय काढला नाही.

मी समजले, यांना माझी लाज वाटते. तीन वर्षं ते मी गिळलं. पण आता पोटात जीव होता, आणि तो काही ट्रंकेत घालून बाहेरच्या खोलीत ठेवता येणार नव्हता. पोट लोकांना दिसायला लागायच्या आत मला सरांची बायको व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं मला.

संध्याकाळी सर हार घेऊन आले, तर आई उंबऱ्यातच.

"सोपाना, हिच्यासंगं लगीन लाव."

"आई, हळू बोल जरा."

"का हळू? कोण ऐकतंय हितं?"

सरांची नजर भिंतीकडं.

म्हातारी म्हणाली, "बरं, मांडव नगं, वाजंत्री नगं. देवापुढं माळ घाल. आन् पयलीचा टाक करून हिच्या गळ्यात बांध. झालं. शशीबी निवांत, हीबी सुखात."

टाक म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्या भागात बिजवराशी लग्न करणारीनं त्याच्या आधीच्या बायकोची चांदीची छोटी प्रतिमा गळ्यात घालायची. सणासुदीला आधी तिला नैवेद्य, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. गेलेल्या बाईचा मान राखला की ती मागून आलेलीला त्रास देत नाही, असं. माझ्या आईच्या चुलतीच्या गळ्यात होता तसला. लहानपणी मी तो ओढून बघायचे तेव्हा ती म्हणायची, "हळू गं बये, थोरलीला लागंल."

सरांनी फोटोला हार घातला आणि तिथंच उभे राहिले. पाठ आमच्याकडं. मला त्या बाईचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? मेलेल्या बाईचा हेवा करणं फार वाईट, तिच्याशी भांडताही येत नाही.

"बघू," सर शेवटी म्हणाले.

पण 'बघू'वर ती म्हातारी थांबते होय! दुसऱ्या दिवशी मला घेऊन निघालीच सोनाराकडं. वाटेत मी विचारलं, "मावशी, कशी होती हो शशीताई?" तिला हाक काय मारायची हाही माझा एक घोळच होता. सासूबाई म्हणायचा हक्क नाही, म्हणून मावशी.

"लई हसरी," म्हातारी म्हणाली. "आन् तेवढीच तापट. सोपानावर जीव म्हंजे कसा? बाजारात कुठली बाई त्याच्याशी दोन शब्द बोलली तरी हिचं तोंड वाकडं. चेष्टेत म्हणायची, 'मी मेल्यावर दुसरी आणलीत तर तिला पायरी चढू द्यायची न्हाई मी.' आमी सगळी हसायचो."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "दवाखान्यात शेवटच्या दिशी बी म्हणाली. कावीळ पार डोक्यात चढली हुती. तवा कुणी हसलं न्हाई."

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. "मग माझं कसं व्हायचं?"

"आगं म्हणून तर टाक. बाईला तिचा मान दिला की बाई निवती. सोपानानं फकस्त सरळ तोंडानं सांगाय पायजे, ही माझी बायकू. चोरून ठेवलं की राग येतुय, मेलेल्याला काय आन् जित्याला काय."

सोनारानं विचारलं, "नाकडोळे कसे काढू? फोटो आणलाय का?" म्हातारी म्हणाली, "बाई हाय एवढं कळलं तरी बास." मला हसू आलं. त्या दिवसांत तेवढंच हसले असेन.

टाक बांधायला म्हातारीनं रविवार ठरवला. शनिवारी स्वयंपाकघरात, दार लोटलेलं, सर माझ्यासमोर बसून दूधभाकरी खात होते. मी विचारून टाकलं, "सर, तुम्हाला माझी लाज वाटते का?"

त्यांनी वर बघितलं. त्यांना खरंच कळेना मी काय विचारतेय ते. "लाज? तुझी? असं कसं मनात आलं तुझ्या?"

"मग उद्या म्हणाल ना? मावशी सांगतील तसं?"

"म्हणेन."

मग त्यांनी पाण्यात बोट बुडवून फरशीवर पाळणा काढला. दोरी, कडी, पाळण्याला टांगलेली चिमणी, सगळं. मी म्हटलं, "मुलगा झाला तर नाव काय ठेवायचं?" त्यांनी घाईघाईनं तळव्यानं पाळणा पुसला. "नावबिव आत्ता नको," म्हणाले, आणि ताट उचलून गेले. मला वाटलं, बाप होणार म्हणून घाबरलेत. पुरुषांचं असतं तसं.

रविवारी सकाळी म्हातारीनं आतल्या खोलीत पाट मांडला. तांदळाची रास, तिच्यावर टाक, हळदकुंकू, हिरवा खण, पुरणपोळीचा नैवेद्य. भटजी नाही, पाहुणे नाहीत. मला हिरवी साडी नेसवली. चुडा भरायला कासारीण आदल्या दिवशीच येऊन गेली होती. त्या खोलीत मी फोटोसमोर अशी पहिल्यांदाच बसत होते. फोटोतली शशीताई हसत होती. एक दात किंचित पुढं, नाकात मोरणी. वाईट नव्हती दिसायला.

सर धुतलेला सदरा घालून माझ्याशेजारी बसले. अंघोळ होऊन अर्धा तास झाला होता, तरी कपाळावर पाणी.

म्हातारी म्हणाली, "टाकाकडं बघ आन् म्हण. शशी, ही मालन, माझी बायकू. तुझी धाकटी भण. हिला पदरात घे, हिच्या बाळाला सांभाळ. मग हिच्या गळ्यात बांध."

"शशी," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की त्यांचा वाटेना. "शशी, ही... ही शिवणकाम करायला येते. बाहेरच्या खोलीत बसते. काम संपलं की जाणार आहे."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आरं काय बोलतुयास, मुडद्या!"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हिरवा चुडा भरून, यांचं मूल पोटात घेऊन मी त्या पाटावर बसलेली, आणि मी कोण? शिवणकामवाली! मी टाकापुढं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शशीताई, खोटं सांगतात हे. मी मालन. मी यांची..."

पुढचं म्हणता आलं नाही. सरांनी माझ्या तोंडावर हात दाबला होता. इतक्या जोरात की ओठ दातात चिरडला. मी त्यांच्याकडं बघितलं, तर डोळ्यांत राग नव्हताच. नुसती भीती. आणि ते माझ्याकडं बघतच नव्हते, माझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघत होते.

"ऐकेल ती," कानाशी म्हणाले. "ऐकेल ना गं ती."

म्हातारीनं त्यांचा हात धरून बाजूला ओढला. "सोपाना, ती कोरेगावची पोरगी तापानं मेली. विषमज्वरानं. शशीनं न्हाई नेली तिला. किती येळा सांगायचं?"

"कुठली पोरगी?" मी विचारलं. तोंडात रक्ताची चव होती.

सांगितलं ते सरांनीच, खाली मान घालून. शशी गेल्यानंतर वर्षानं घरच्यांनी कोरेगावची एक मुलगी बघितली होती. सुपारी फुटली. सर मुलीचा फोटो घेऊन घरी आले आणि, लपवाछपवी नको म्हणून, शशीच्या फोटोसमोर ठेवून म्हणाले, हिच्याशी लग्न करतोय, हिचं नाव अमुक. आठवडाभरात मुलगी गेली. हळदसुद्धा लागली नव्हती.

"एकदा खरं सांगून बघितलं मी," सर म्हणाले. "म्हणून तुझं नाव इथं कधी घेतलं नाही. तुला बाहेरच्या खोलीत ठेवलं. तुझी साडी आत दिसू दिली नाही. लग्न केलं नाही. लग्न केलं असतं, तर तू आज असतीस का?"

म्हणजे लाज नव्हती ती! तीन वर्षं हा माणूस मला लपवत होता. भिंतीवरच्या बाईपासून. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि मला हुंदका आला. माझा जीव जाईल म्हणून आजवर कुणी इतकं घाबरलं नव्हतं. सख्खे भाऊसुद्धा नाहीत. मी त्यांचा हात घेतला, तोच हात, आणि पोटावर ठेवला.

"सर, मी लपले. पण हे नाही लपणार. हे रडेल, रांगत या खोलीत येईल, तुम्हाला बाबा म्हणून हाक मारेल. तेव्हा शशीताईंना काय सांगाल?"

सरांनी बराच विचार केला. मग अगदी शांतपणे, पोरांना चित्र समजावून सांगावं तसं म्हणाले, "सांगू, कुणाचंच नाही. सापडलंय म्हणू. तेवढं वाचेल गं ते."

माझं रडू जागच्या जागी थांबलं. माझं काय, मी राहिले असते. बिननावाची राहिले, बाहेरच्या खोलीत राहिले, आणखी राहिले असते. पण माझं लेकरू बापाच्या घरात, बापाच्याच तोंडून 'कुणाचंच नाही' ऐकत वाढणार? त्यापेक्षा शशीनं न्यावं, असंसुद्धा क्षणभर मनात आलं. देवा, कसले विचार येतात माणसाला!

दुपारी मी ट्रंक भरली. एका बाजूची कडी मी धरली, दुसरी म्हातारीनं. जिना उतरताना वाटत होतं, थांबवतील. पुन्हापुन्हा वाटत होतं. सर खाली गल्लीत आमच्या मागोमाग आले. घराबाहेर आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

"मालन."

"बोला सर."

"कुठं जातेस ते मला सांगू नकोस. मी घरात बोलून जाईन." डोळे भरलेले होते. "लांब जा. बाळाला जप."

एवढं बोलून ते परत वर गेले. हाराची वेळ झाली होती.

एसटी स्टँडवर म्हातारीनं कनवटीतून टाक काढला. काळ्या दोऱ्यात ओवलेला. चारचौघांत, भर गर्दीत, तिनं तो माझ्या गळ्यात बांधला आणि म्हणाली, "शशे, ही माझी सून हाय. मी सांगती. त्यो भितुय, मी न्हाई भीत. काय बोलायचं ती मला बोल." लोक वळून वळून बघत होते. टाक छातीला गार लागला. तो अजून माझ्या गळ्यात आहे. तो मला राखतो, की माझ्यावर नजर ठेवतो, हे मला आजतागायत कळलं नाही. काढायची हिंमत मात्र झाली नाही.

साताऱ्याला माझी मावसबहीण होती, तिच्याकडं गेले. तिथंच केतकी झाली. बाळंतपणाला म्हातारी आली, महिनाभर राहिली. जाताना म्हणाली, "सोपानाला एवढंच सांगीन, मुलगी झाली, दोघी बऱ्या हायत. पत्ता न्हाई सांगणार." पण साताऱ्यात मला बहीण आहे हे सरांना माहीत होतं. केतकी मान धरायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मी गॅलरीत तिची दुपटी वाळत घालत होते, तर समोर, रस्त्याच्या पलीकडं सायकलच्या दुकानाजवळ सर उभे. हातात छत्री, वाळलेले.

"सर! वर या!" मी ओरडले. केवढा आनंद झाला होता मला!

त्यांनी नको म्हणून हात हलवला. मग सावकाश मागं वळले आणि आल्या रस्त्याकडं बघितलं. या कडेला बघितलं, त्या कडेला बघितलं. खात्री करून घेतली आणि मगच मान वर केली. मी केतकीला उचलून दाखवली. सर हसले. बोटानं हवेत तिचा चेहरा काढला. गोल, कपाळ, जावळ, बोट न उचलता. मग स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

तसे ते येत राहिले. वर्षातून कधी दोनदा, कधी एकदा. वर एकदाही आले नाहीत. म्हातारीनं नंतर कारण सांगितलं. "म्हणतुय, मी वर गेलो तर ती माझ्या मागनं वर जाईल. रस्त्यावरनंच बघतो."

बहीण वैतागायची. "वेडा झालाय तो माणूस. आणि तूही त्याला पोरगी दाखवत बसतेस!" मी म्हणायचे, खरंय गं. आणि खरंच होतं. दिवसाउजेडी, भरल्या रस्त्यावर, मेलेली बाई कुणाच्या मागून येते का? माणूस भीतीनं वाया गेला, त्याचं घर गेलं, लेक गेली. मी शहाणी होते. मला हे सगळं समजत होतं.

पण सर पलीकडं येऊन उभे राहिले आणि मागं वळून बघायला लागले, की इकडं गॅलरीत मीसुद्धा बघायचे. त्यांच्या मागं, त्या कोपऱ्यापर्यंत. रस्त्यात एखादी बाई उगाच थांबलेली दिसली, तर ती निघून जाईपर्यंत वाट बघायचे. आणि मगच केतकीला पदराआडून बाहेर काढायचे.